दुसऱ्यांदा ऐकू द्या: ऑपेरागृहांच्या आणि वाद्यवृंदांच्या कलासंचालकांना खुले पत्र

प्रति,
ऑपेरागृहांचे आणि सिंफनी वाद्यवृंदांचे कलासंचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

हंगाम संपत आला की आपल्यापैकी अनेकांकडून श्रोत्यांना एक प्रश्नावली येते. आवडते संगीतकार कोण, आवडते ऑपेरा कोणते, पुढच्या हंगामात काय ऐकायला आवडेल, असे प्रश्न तीत असतात. श्रोते मनापासून उत्तरे देतात, त्या उत्तरांची बेरीज होते आणि ‘ला त्राविआता’, ‘कार्मेन’, ‘ला बोएम’ आणि बेथोव्हनची पाचवी सिंफनी ही नावे पुन्हा वर येतात. या रचनांविषयी माझी काहीच तक्रार नाही. त्या थोर आहेत आणि त्यांच्यावरचे लोकांचे प्रेम खरे आहे. माझा आक्षेप त्या प्रश्नाला आहे. श्रोत्याची आवड आधीच तयार होऊन त्याच्या खिशात असते आणि ती फक्त विचारून घ्यायची असते, असे तो प्रश्न गृहीत धरतो. माझा अनुभव याच्या उलट आहे. आवड घडते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रवणात, आणि आपल्या हंगामांच्या आजच्या रचनेत नेमकी तीच संधी नाहीशी झाली आहे. अपरिचित ऑपेरा येतो, चार-पाच प्रयोग होतात, नेपथ्य गोदामात जाते आणि पुन्हा कित्येक वर्षे त्याचे नावही निघत नाही. जी रचना आम्हांला एकदा ऐकवलीत, ती थोड्याच काळात पुन्हा ऐकवा, एवढ्या एका विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी आवडनिवड आधी मोकळेपणाने सांगतो, म्हणजे मी कोणत्या बाजूने बोलतो आहे हे आपल्याला कळेल. ऑपेरांमध्ये मला सर्वांत जवळचा वाटतो तो चेक संगीतकार यानाचेक. त्याच्यानंतर हँडेल, आणि मग व्हेर्दी, पण ‘रिगोलेत्तो’च्या व्हेर्दीपेक्षा ‘सिमोन बोक्कानेग्रा’चा आणि ‘फाल्स्ताफ’चा व्हेर्दी अधिक. देबुसीच्या ‘पेलेआस आणि मेलिसांद’साठी मी कितीही दूरचा प्रवास करायला तयार असतो. वाद्यसंगीतात हायडनच्या क्वार्टेट्सना आणि सिंफनींना माझ्या लेखी मोत्सार्टच्या बरोबरीचे स्थान आहे. पुच्चिनीच्या कारागिरीचा मला आदर आहे, तरी ‘तुरानदोत’ मला हलवत नाही. त्यातील भव्य वृंदगान ऐकतानाही मी बाहेरच उभा असतो. ब्रुकनरच्या सिंफनींमध्ये मला अजून वाट सापडलेली नाही. ही यादी इतर कोणी मान्य करावी असा आग्रह नाही. पण या यादीतील जवळजवळ एकही रचना मला पहिल्या श्रवणात आवडलेली नाही, आणि माझ्या म्हणण्याचा सारा आधार ही एक गोष्ट आहे.

यानाचेकच्या ‘येनूफा’चेच उदाहरण घेतो. यानाचेक लोकांचे बोलणे कान देऊन ऐकत असे आणि त्यातील चढउतार वहीत स्वरलिपीत टिपून ठेवत असे. त्यामुळे त्याच्या ऑपेरात गाण्याची ओळ बोलण्याच्या लयीतून उगवते आणि बोलणे थांबले की थांबते. इटालियन ऑपेरावर पोसलेला कान पहिल्यांदा हे ऐकतो तेव्हा सुरावट फुलण्याची वाट पाहत बसतो. एक छोटा स्वरबंध येतो, तो वाद्यवृंदात चारपाच वेळा घोटला जातो, आता यातून मोठी आरिया, म्हणजे एकलगीत, उभी राहणार असे वाटते न वाटते तोच तो तुटतो आणि दुसराच सुरू होतो. पहिल्या दिवशी माणूस कथेच्या जोरावर तग धरतो. गावातली गिरणी, चुलत भावंडांचे आणि सावत्र भावांचे गुंतागुंतीचे नाते, सुरीने चिरलेला गाल, थंडीत लपवून ठेवलेले बाळंतपण, आणि लोकलाजेपायी ते मूल बर्फाखाली नेऊन बुडवणारी येनूफाची सावत्र आई कोस्टेल्निच्का. त्या रात्री घरी परतताना मनात नाट्य असते. संगीत बरेचसे हातातून निसटलेले असते.

दुसऱ्यांदा ऐकताना मात्र सारे बदलते. पुढे काय घडणार हे ठाऊक असल्यामुळे पडदा उघडण्याआधीच झायलोफोनचा तो एकसुरी ठोका कानात शिरतो आणि हे गिरणीचे चाक आहे, ते कोणासाठीही थांबणार नाही, हे कळते. दुसऱ्या अंकात गुंगीतून जागी झालेली येनूफा रिकाम्या खोलीत बाळाला शोधते तेव्हा तिच्याबरोबर एकटे व्हायोलिन चालत असते. पहिल्या वेळी तिच्या प्रश्नांचे भाषांतर वाचण्यात ते व्हायोलिन ऐकायचे राहून जाते. अंकाच्या शेवटी वाऱ्याने खिडकी उघडते आणि कोस्टेल्निच्काला मृत्यूच आत डोकावल्यासारखा भासतो. तो क्षण पहिल्यांदा घाबरवतो आणि दुसऱ्यांदा त्या बाईविषयी कणव निर्माण करतो, कारण आता आपण तिच्या बाजूने काळ मोजत असतो. तिसऱ्यांदा ऐकताना तर ते तुटक स्वरबंध तुटक वाटतच नाहीत. मला यानाचेक आवडतो हे वाक्य मी म्हणू शकतो ते या पुढच्या भेटींमुळे. पहिल्या रात्रीनंतर आपली प्रश्नावली आली असती, तर तीत मी त्याचे नाव लिहिले नसते.

खुद्द या ऑपेराचा इतिहासही हेच सांगतो. १९०४ साली ब्रनो येथे ‘येनूफा’चा पहिला प्रयोग झाला. प्रागच्या नॅशनल थिएटरने मात्र तो बारा वर्षे दाराबाहेर ठेवला आणि १९१६ साली घेतला तोही तिथला प्रमुख कंडक्टर कोवार्झोविच याने वाद्ययोजना स्वतःच्या पद्धतीने बदलून. यानाचेक तेव्हा साठी ओलांडलेला होता. १९१८ साली व्हिएन्ना आणि १९२४ साली न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा, असा तो पुढे गेला. या दुसऱ्या संधीनंतरच्या बारा वर्षांत त्या म्हाताऱ्या माणसाने ‘कात्या काबानोवा’, ‘धूर्त कोल्ही’, ‘माक्रोपुलोस प्रकरण’ आणि ‘मृतांच्या घरातून’ असे चार ऑपेरा लिहिले. प्रागने दुसऱ्यांदाही नकार दिला असता तर ते लिहिले गेले असते की नाही याचा विचारही मला करवत नाही. पुढे इंग्लंडमध्ये कंडक्टर चार्ल्स मॅकेरास याने १९५१ साली लंडनच्या सॅडलर्स वेल्स रंगमंदिरात ‘कात्या’ केला आणि तिथून आयुष्यभर तो यानाचेकचे ऑपेरा पुन्हा पुन्हा करत राहिला. ‘येनूफा’ची मूळ वाद्ययोजनाही त्याच्याच प्रयत्नांमुळे परत आली. आज यानाचेकला श्रोता आहे तो या चिकाटीमुळे, कोणत्याही प्रश्नावलीतून तो मिळालेला नाही.

‘सिमोन बोक्कानेग्रा’ची अडचण वेगळी आहे. त्याचे कथानक एका बैठकीत समजावे असे नाहीच. पूर्वरंग आणि पहिला अंक यांच्यात पंचवीस वर्षे जातात, बोक्कानेग्राचा जुना वैरी फिएस्को दुसऱ्याच नावाने वावरू लागतो, आमेलियाचे खरे नाव निराळे असते आणि ती कोणाची मुलगी हे तिलाही ठाऊक नसते. पहिल्या वेळी प्रेक्षकाची सारी शक्ती कोण कोणाचा हे लक्षात ठेवण्यात संपते. १८५७ साली व्हेनिसमध्ये तो पडला. व्हेर्दीने तो सोडून दिला नाही आणि १८८१ साली संहितालेखक बोइतोच्या मदतीने मिलानच्या ला स्कालासाठी नव्याने बांधला. परिषदगृहाचा प्रवेश त्याच वेळी लिहिला गेला. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन पक्षांसमोर जेनोवाचा शासक बोक्कानेग्रा शांततेची आणि प्रेमाची हाक घालतो आणि सगळ्या वृंदावरून आमेलियाचा आवाज तीच हाक उचलून तरंगत जातो. लगेच नंतर बास क्लॅरिनेटच्या काळ्या सुरावर, आमेलियाला पळवण्याचा कट रचणाऱ्या पाओलोला स्वतःलाच शाप द्यावा लागतो. माझ्या मते व्हेर्दीने सार्वजनिक जीवनाविषयी याहून मोठे काही लिहिलेले नाही. पण हे कळायला आधी नावांचा गुंता सुटलेला असावा लागतो. ज्या ऑपेराचा कर्तासुद्धा चोवीस वर्षांनी त्याच्याकडे परत आला, तो आम्हांला एका आठवड्यात कळावा अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

प्रश्नावलीत सर्वांत वर येणारी नावेही याच वाटेने वर आलेली आहेत. ‘ला त्राविआता’ १८५३ च्या मार्चमध्ये व्हेनिसच्या ला फेनिचे रंगमंदिरात पडला, आणि दोष माझा की गायकांचा हे काळच सांगेल, असे व्हेर्दीने दुसऱ्याच दिवशी पत्रात लिहिले. पुढच्या वर्षी त्याच शहरात, दुसऱ्या रंगमंदिरात, काही दुरुस्त्यांसह आणि नव्या संचात तो झाला आणि तिथून आजवर थांबलेला नाही. ‘मादामा बटरफ्लाय’ १९०४ च्या फेब्रुवारीत ला स्कालामध्ये एका रात्रीत मागे घ्यावा लागला. पुच्चिनीने दुसरा लांबलचक अंक दोन भागांत तोडला, काही भाग गाळला, काही नवे लिहिले, आणि त्याच मे महिन्यात ब्रेशा येथे तो उचलून धरला गेला. ‘कार्मेन’ १८७५ च्या मार्चमध्ये पॅरिसला आला आणि बरोबर तीन महिन्यांनी त्याचा संगीतकार बिझे वारला; त्याच ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाने त्याला डोक्यावर घेतले, आणि पॅरिसला तो पुन्हा रंगमंचावर आणायला १८८३ साल उजाडले. या तिन्ही वेळी कोणा संचालकाने पहिल्या रात्रीचा निकाल अंतिम मानला नाही. त्या संचालकांची नावे आज फारशी कोणाला आठवत नाहीत. आपल्या हंगामांची अर्धी मिळकत मात्र त्यांच्या त्या निर्णयावर उभी आहे.

हँडेलविषयी थोडे सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. त्याने चाळीसहून अधिक ऑपेरा लिहिले, बहुतेक इटालियन भाषेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते रंगमंचावरून जवळजवळ नाहीसे झाले, आणि १९२० साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे ऑस्कर हागेनने ‘रोदेलिंदा’ उभा केला तेव्हा कुठे ते परतू लागले. मधल्या काळात हे ऑपेरा रंगमंचावर चालण्याजोगे नाहीत, त्यांत नुसत्या आरियांची माळ आहे, एकच मजकूर पुन्हा पुन्हा म्हटला जातो, असे मत रूढ झाले होते. ते मत पहिल्या श्रवणाचे आहे. दा कापो आरियात पहिला भाग येतो, मग वेगळ्या रंगाचा मधला भाग येतो आणि पुन्हा पहिला भाग परततो. परतताना गायक त्याला नव्या हरकतींनी सजवतो, आणि मधल्या भागात मनावर जे उमटले त्याची छाया त्या जुन्या शब्दांवर पडलेली असते. ‘जूलिओ चेझारे’मध्ये बंदिवान क्लिओपात्रा आपल्या नशिबावर रडते, मध्येच मेल्यावर भूत होऊन छळीन म्हणून उसळते आणि पुन्हा रडण्याकडे वळते, तेव्हा ते दुसरे रडणे पहिल्यापेक्षा कितीतरी एकाकी असते. हँडेलची आरिया ही रचनाच दुसऱ्यांदा ऐकण्यावर विश्वास ठेवून केलेली आहे. इंग्लंडमधील ग्लाइंडबोर्न ऑपेरा महोत्सवाने २००५ साली केलेली ‘जूलिओ चेझारे’ची निर्मिती, डेव्हिड मॅकव्हिकरचे दिग्दर्शन आणि सुरुवातीला विल्यम क्रिस्टीचे संगीतसंचालन असलेली, पुढच्या हंगामांत वारंवार परत आणली गेली. एका मोठ्या श्रोतृवर्गाला हँडेल आपला वाटू लागला त्यात या पुनरागमनांचा वाटा फार मोठा आहे, असे मी मानतो. असे धैर्य एकाच ठिकाणी का असावे?

आता वाद्यवृंदांच्या संचालकांकडे वळतो, कारण त्यांच्याकडे खर्चाची सबब तुलनेने कमी आहे. १८१३ साली व्हिएन्नात बेथोव्हनची सातवी सिंफनी प्रथम वाजली तेव्हा तिचा दुसरा भाग श्रोत्यांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला, आणि चार दिवसांनी झालेल्या दुसऱ्या मैफलीतही तेच घडले. ऐकलेले पुन्हा ऐकावेसे वाटणे ही संगीत ऐकणाऱ्याची मूळ ओढ आहे. हान्स फॉन ब्युलो या कंडक्टरने तर बेथोव्हनची संपूर्ण नववी सिंफनी एकाच संध्याकाळी दोनदा वाजवण्याचे धाडस केले होते. पुढे १९१८ साली संगीतकार शोनबर्गने व्हिएन्नात नव्या संगीताच्या खासगी मैफलींची एक संस्था काढली. तिथे टीकाकारांना प्रवेश नव्हता, टाळ्या आणि हुर्यो दोन्ही वर्ज्य होते, कार्यक्रम आधी जाहीर होत नसे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रचना भरपूर तालमींनंतर सादर होऊन पुन्हा पुन्हा वाजवल्या जात. संस्था व्हिएन्नात १९२१ पर्यंत टिकली. तेवढ्या काळात १५४ रचनांचे ३५३ वेळा सादरीकरण झाले, म्हणजे सरासरीने प्रत्येक रचना दोनदा तरी वाजलीच. माहलर, देबुसी, रेगर, बार्टोक, राव्हेल असे त्या काळचे कठीण वाटणारे संगीतकार तिथे ऐकले गेले, मोठ्या वाद्यवृंदाला पैसे नसल्यामुळे पुष्कळदा पियानोवर किंवा लहान वाद्यमेळात. टाळ्यांवरची बंदी मला पटत नाही, श्रोत्याला दाद देऊ द्यावी. पुनरावृत्तीचा नियम मात्र आज प्रत्येक वाद्यवृंदाने उचलावा असा आहे.

आज घडते ते असे. नवी रचना मैफलीच्या आरंभी दहा-बारा मिनिटे वाजते, मग प्रसिद्ध एकलवादक येऊन कन्चेर्तो वाजवतो, आणि मध्यंतरानंतर चायकोव्हस्की येतो. ती नवी रचना श्रोत्याच्या मनात मध्यंतरापर्यंतही उरत नाही. तीच रचना मध्यंतरानंतर पुन्हा वाजवली तर किती काय बदलेल, हे ज्या थोड्या ठिकाणी कोणी करून पाहिले तिथल्या श्रोत्यांना विचारावे. हायडनच्या वाट्याला तर याहून मोठी उपेक्षा येते. त्याची एखादी टोपणनाव असलेली सिंफनी, ‘सरप्राइज’ किंवा ‘घड्याळ’, वाद्यवृंदाचे हात मोकळे होण्यापुरती पहिल्या अर्ध्या तासात उरकली जाते. १०२ क्रमांकाच्या सिंफनीतील मंद भाग हायडनला स्वतःला इतका प्रिय असावा की तेच संगीत त्याने एका पियानो त्रिकुटातही वापरले. तो भाग मी कधीही ऐकला तरी पुरे झाले असे वाटत नाही. पण प्रत्यक्ष मैफलीत तो ऐकायला मिळणे किती दुर्मीळ आहे! ४४, ४९, ८० आणि ८८ या क्रमांकांच्या सिंफनी एका हंगामात दोनदोनदा वाजवून पाहा. त्यांना मोठा वाद्यवृंद लागत नाही, जादा वादक बोलवावे लागत नाहीत.

याच संदर्भात एक छोटी पण मला मनापासून खटकणारी गोष्ट. सिंफनीच्या आणि सोनाटाच्या पहिल्या विभागाच्या शेवटी संगीतकाराने पुनरावृत्तीचे चिन्ह दिलेले असताना ते सर्रास गाळले जाते. मेंडेल्सझोनच्या ‘इटालियन’ सिंफनीत त्या पुनरावृत्तीकडे परत नेणारे काही संगीत असे आहे की जे पुनरावृत्ती गाळली तर ऐकूच येत नाही. शूबर्टच्या शेवटच्या, बी फ्लॅट मेजरमधील पियानो सोनाटात असेच नऊ मात्राखंड आहेत आणि त्यांतील एका क्षणी, आरंभापासून खालच्या सुरांत ऐकू येणारा तो खोल, दबलेला कंप एकदाच मोठ्याने गर्जतो. तेवढी काही मिनिटे वाचवून आपण नेमके काय मिळवतो? ज्या काळात रचना पुन्हा कधी ऐकायला मिळेल याची शाश्वती नव्हती, त्या काळातील संगीतकाराने श्रोत्याच्या दुसऱ्या श्रवणाची सोय रचनेच्या आतच करून ठेवली. ती सोय तरी काढून घेऊ नका.

ध्वनिमुद्रणे आहेत, पुन्हा ऐकायचे तर ती ऐका, असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. ध्वनिमुद्रणांचे माझ्यावर अपार उपकार आहेत. तरीही ऑपेराच्या बाबतीत ते उत्तर अपुरे आहे. ‘फिगारोचे लग्न’च्या दुसऱ्या अंकाचा शेवट घ्या. सुमारे वीस मिनिटे संगीत अखंड चालते. काउंट आणि काउंटेस यांच्या भांडणाने सुरुवात होते, कपाटातून अनपेक्षितपणे सुझाना बाहेर येते, मग फिगारो, मग दारू प्यायलेला माळी, आणि शेवटी मार्चेलिना आपल्या साथीदारांसह शिरते, अशी पात्रे वाढत वाढत सात आवाज एकत्र होतात. ध्वनिक्षेपकातून ते सात आवाज एका जागेवरून येतात. रंगमंदिरात मात्र ते सात ठिकाणी उभे असतात, आपण कोणाकडे पाहायचे ते आपण ठरवतो, आणि दुसऱ्यांदा पाहताना वेगळ्या माणसाकडे पाहतो. ‘पेलेआस’मध्ये चौथ्या अंकात दोघे प्रेमाची कबुली देतात तेव्हा वाद्यवृंद पूर्ण थांबलेला असतो. घरी ती शांतता म्हणजे केवळ आवाज नसणे. सभागृहात समोर बसलेले साठ-सत्तर वादक वाद्ये हातात धरून थांबलेले दिसतात आणि त्या शांततेला वजन येते. पहिल्यांदा ती अंगावरून निघून जाते. ती येणार हे ठाऊक असताना तिची वाट पाहणे हा मला ऑपेराने दिलेल्या मोठ्या सुखांपैकी एक सुख आहे.

पैशाचा प्रश्न मी टाळणार नाही. अपरिचित ऑपेराला तिकिटे कमी खपतात, वृंदगायकांना चेक किंवा रशियन भाषा शिकवावी लागते, प्रकाशकाकडून स्वरलिपी भाड्याने घ्यावी लागते, हक्क शिल्लक असतील तर मानधन द्यावे लागते, हे सगळे खरे. पण यातील मोठा खर्च पहिल्या वेळचा आहे. नेपथ्य आणि वेशभूषा तयार असतात, वृंदाला शब्द पाठ झालेले असतात, वादकांच्या प्रतींवर खुणा झालेल्या असतात, प्रकाशयोजनेची टिपणे जागेवर असतात. चार प्रयोगांनंतर हे सारे मोडीत काढणे म्हणजे विहिरीला पाणी लागल्यावर ती बुजवणे आहे. ज्या ऑपेरागृहांत निर्मिती साठवून वर्षानुवर्षे फिरत्या क्रमाने करण्याची पद्धत आहे त्यांना तर हे सहज शक्य आहे. तिथे अडचण येते ती तालमी अपुऱ्या पडण्याची, आणि त्यावर उपाय म्हणजे त्या वाढवणे. जिथे एका वेळी एकच ऑपेरा घेऊन तो काही आठवडे करण्याची पद्धत आहे, तिथे दोन-तीन गृहांनी मिळून निर्मिती करणे आणि ती एकमेकांकडे फिरवणे आता रुळले आहे. त्या फेरीत ती मूळ गृहात परत येण्याची अटही घातली जावी. आणि जिथे काहीच परवडत नाही तिथे नेपथ्याविना, मैफलीच्या स्वरूपात का होईना, ती रचना पुन्हा होऊ द्या. ‘पेलेआस’ मी तशाही स्वरूपात आनंदाने ऐकेन.

नव्या ऑपेरांच्या बाबतीत ही गरज अधिक तातडीची आहे. नवा ऑपेरा लिहून घेण्याचा मान सगळ्यांना हवा असतो. दुसऱ्याने लिहून घेतलेला ऑपेरा करण्यात कोणाला प्रतिष्ठा वाटत नाही. म्हणून पहिला प्रयोग गाजतो आणि दुसरी निर्मिती येतच नाही. जॉर्ज बेंजामिनचा ‘रिटन ऑन स्किन’ २०१२ साली फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँसमध्ये झाला आणि पुढे अनेक शहरांत गेला. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनने तो २०१३ साली केला आणि २०१७ साली पुन्हा आणला. ग्लास हार्मोनिका आणि व्हिओला दा गांबा यांचे त्यातील झिरपते रंग ओळखीचे होण्यासाठी ते परत येणे किती आवश्यक होते, हे ज्याने तो दोनदा ऐकला त्याला सांगावे लागत नाही. काइया सारिआहो या फिनिश संगीतकार स्त्रीचा ‘लामूर द ल्वाँ’ २००० साली साल्झबर्गला झाला आणि २०१६ साली मेट्रोपॉलिटन ऑपेरात पोहोचला. स्त्री संगीतकाराचा ऑपेरा त्या मंचावर याआधी झाला होता तो १९०३ साली, एथेल स्माइथचा. मधली ११३ वर्षे ज्यांना पहिलीच संधी मिळाली नाही त्यांच्याविषयी मी दुसऱ्या संधीची भाषा कोणत्या तोंडाने करू? तरीही करतो, कारण एकदाच ऐकवून बाजूला ठेवले तर पुढच्या पिढीतही त्यांची नावे प्रश्नावलीत येणार नाहीत, आणि मग श्रोत्यांनाच ती नको आहेत असे म्हटले जाईल.

माझ्या विनंत्या आता नेमक्या शब्दांत मांडतो. अपरिचित ऑपेरा जाहीर कराल त्याच दिवशी तो पुन्हा कोणत्या हंगामात येणार तेही जाहीर करा, आणि ते अंतर तीन वर्षांहून जास्त नसावे. शक्य असेल तर मुख्य गायक तेच ठेवा, कारण त्यांचेही दुसऱ्या वेळचे गाणे पहिल्यापेक्षा खोल असते. ज्याने पहिल्या प्रयोगाचे तिकीट काढले आहे त्याला त्याच मालिकेतील पुढच्या प्रयोगाला शिल्लक राहिलेल्या जागेवर अल्प दरात बसू द्या. नाही तरी त्या खुर्च्या रिकाम्याच राहतात. वाद्यवृंदांनी नवी लहान रचना मध्यंतराच्या दोन्ही बाजूंना वाजवावी, किंवा निदान त्याच हंगामात तिला दुसरी तारीख द्यावी. टीकाकारांना शेवटच्या प्रयोगालाही बोलवा आणि पहिल्या रात्रीनंतर त्यांचे मत बदलले असेल तर तेही छापून येऊ द्या.

प्रश्नावली बंद करा असे मी म्हणत नाही. तिच्यात एक प्रश्न बदला. काय ऐकायला आवडेल असे विचारण्याऐवजी, या हंगामात प्रथमच ऐकलेल्या रचनांपैकी कोणती पुन्हा ऐकावीशी वाटते, असे विचारा. त्या प्रश्नाचे उत्तर देणे श्रोत्याला खरोखर शक्य आहे, आणि त्या उत्तरांवर हंगाम आखता येतो. माझ्यापुरते सांगायचे तर येत्या वर्षासाठी ‘कात्या काबानोवा’चे नाव आताच लिहून ठेवा, आणि ब्रुकनरची एखादी सिंफनी दोनदा वाजवणार असाल तर दोन्ही दिवसांची माझी तिकिटे नक्की समजा.

कळावे,

आपला नम्र,
एक श्रोता